विश्लेषण : अब्जावधी टकरींची नोंद, पण उद्या ती वाचता येईल का? ‘सर्न’चा डेटा कसा साठवतात, कसा वाटतात?

जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेतील लार्ज हॅड्रॉन कोलायडर, अर्थात ‘एलएचसी’, हा जगातील सर्वांत शक्तिशाली कणत्वरक. ठरलेल्या वेळापत्रकानुसार २०२६च्या मध्यापासून त्याला दीर्घ विराम दिला जाणार आहे आणि २०३०मध्ये तो अधिक प्रखर रूपात पुन्हा सुरू होणार आहे. यंत्र थांबले तरी त्यातून गोळा झालेल्या डेटाला विश्रांती नाही. तो साठवणे, जगभरच्या शास्त्रज्ञांपर्यंत पोहोचवणे आणि आणखी तीस वर्षांनीही वाचता येईल असा ठेवणे, ही जबाबदारी मोठ्या सॉफ्टवेअर-यंत्रणेवर आहे. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थाही या यंत्रणेचा भाग आहे. ही यंत्रणा नेमकी कशी चालते आणि तिच्यापुढे कोणते प्रश्न आहेत, याविषयी…

इतका डेटा येतो कुठून?

‘एलएचसी’ जमिनीखाली सुमारे १०० मीटरवर असलेल्या २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात आहे. प्रोटॉनचे पुंजके जवळपास प्रकाशाच्या वेगाने विरुद्ध दिशांनी फिरवून त्यांची टक्कर घडवली जाते. हे पुंजके सेकंदाला सुमारे ४ कोटी वेळा एकमेकांना छेदतात. प्रत्येक छेदात अनेक प्रोटॉन आदळतात, त्यामुळे प्रत्यक्ष टकरींची संख्या सेकंदाला अब्जाच्या घरात जाते. ‘अ‍ॅटलास’, ‘सीएमएस’, ‘अ‍ॅलिस’ आणि ‘एलएचसीबी’ हे चार मोठे प्रयोग या टकरींची जणू छायाचित्रे टिपतात. हे छायाचित्र म्हणजे कोट्यवधी संवेदकांनी नोंदवलेले आकडे. सगळेच जपायचे ठरवले, तर सेकंदाला सुमारे एक पेटाबाइट, म्हणजे १००० टेराबाइट साठवावे लागतील. ते कोणत्याही यंत्रणेला शक्य नाही.

म्हणून पहिले काम साठवण्याचे नसून टाकून देण्याचे असते. ‘ट्रिगर’ नावाची यंत्रणा काही मायक्रोसेकंदांत ठरवते की ही टक्कर कामाची आहे की नेहमीचीच. ‘सीएमएस’मध्ये पहिल्या गाळणीतून सेकंदाला सुमारे एक लाख टकरी पुढे जातात. संगणकांच्या ताफ्यावर चालणारी दुसरी गाळणी त्यातून काही हजारच ठेवते. जे टाकले ते कायमचे गेले. त्यामुळे जे उरले त्याचे मोल मोठे.

उरलेला डेटा तरी किती?

तोही थोडाथोडका नाही. ‘सर्न’च्या डिस्क-साठवणीची क्षमता सप्टेंबर २०२३मध्ये एक एक्साबाइटवर, म्हणजे १० लाख टेराबाइटवर गेली. त्यासाठी सुमारे १ लाख ११ हजार साठवण उपकरणे वापरली जातात आणि त्यांत हार्ड डिस्कचे प्रमाण सर्वाधिक आहे. १२८ जीबीच्या स्मार्टफोनच्या हिशेबात सांगायचे, तर ही क्षमता साधारण ७८ लाख फोनइतकी होते. शिवाय टेपवरची दीर्घकालीन साठवण वेगळीच.

एवढ्या डिस्क असल्या की रोज काही ना काही बिघडणार, हे गृहीत धरावे लागते. म्हणूनच ‘सर्न’ने २०१०पासून ‘ईओएस’ ही स्वतःची साठवण-प्रणाली विकसित केली. महागड्या खास यंत्रांऐवजी साध्या, स्वस्त डिस्क मोठ्या संख्येने वापरायच्या आणि विश्वासार्हता सॉफ्टवेअरमधून आणायची, हे तिचे सूत्र. एकाच फाइलच्या दोन प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवणे हा एक मार्ग. दुसरा मार्ग गणिती आहे. फाइलचे दहा तुकडे करायचे आणि त्यांच्यावरून हिशेब करून आणखी दोन तुकडे तयार करायचे. मग बारापैकी कोणतेही दोन हरवले तरी मूळ फाइल पुन्हा उभी करता येते. पूर्ण दुसरी प्रत ठेवण्यापेक्षा यात जागा बरीच वाचते.

डेटा गुपचूप बिघडण्याचा धोकाही असतो. डिस्क चालू असते, फाइल उघडतेही, पण आतला एखादा आकडा बदललेला असतो. त्यासाठी प्रत्येक फाइलसोबत ‘चेकसम’ जपला जातो. शाळेत गुणाकार केल्यावर ताळा करून पाहतात, तसाच हा प्रकार. फाइल वाचताना किंवा हलवताना ताळा जुळला नाही, तर ती प्रत बाद ठरते आणि चांगल्या प्रतीवरून नवी तयार केली जाते.

टेप आजही कशासाठी?

ऑडिओ कॅसेट घराघरांतून हद्दपार झाल्या, पण विज्ञानाच्या जगात चुंबकीय टेप टिकून आहे. कारणे व्यवहाराची आहेत. टेप फडताळात पडून असताना वीज खात नाही. तेवढ्याच क्षमतेच्या डिस्कपेक्षा ती स्वस्त पडते आणि जास्त काळ टिकते. शिवाय ती संगणकाला सतत जोडलेली नसल्याने एखाद्या चुकीच्या आज्ञेने किंवा सायबर हल्ल्याने सगळा डेटा एका फटक्यात पुसला जाण्याची भीती कमी. तोटा एकच, तो म्हणजे वेळ. यंत्रमानवाने योग्य टेप शोधून वाचकयंत्रात घालायची, मग ती हव्या त्या जागेपर्यंत गुंडाळायची, यात मिनिटे जातात.

या कामासाठी ‘सर्न’ने सुमारे दोन दशके ‘कॅस्टर’ ही प्रणाली वापरली. २०२०पासून तिची जागा ‘सर्न टेप अर्काइव्ह’ या नव्या सॉफ्टवेअरने घ्यायला सुरुवात केली. ते ‘ईओएस’शी जोडलेले आहे. वापरणाऱ्याने फाइल मागितली की ती टेपवरून आधी डिस्कवर येते आणि मग हाती पडते. टेपच्या नव्या पिढ्या बाजारात येतात तसा जुना डेटा दर काही वर्षांनी नव्या टेपवर उतरवून घ्यावा लागतो. ‘एकदा ठेवले आणि विसरले’ अशी सोय इथे नाही.

एकाच ठिकाणी सगळे का ठेवत नाहीत?

खर्च आणि जोखीम या दोन्ही कारणांमुळे. ‘एलएचसी’ उभारला जात असतानाच हे स्पष्ट झाले होते की लागणारी संगणकीय ताकद एका प्रयोगशाळेच्या आवाक्यातली नाही. त्यातून ‘वर्ल्डवाइड एलएचसी कम्प्युटिंग ग्रिड’ उभे राहिले. आज त्यात ४०हून अधिक देशांतील सुमारे १७० संगणक केंद्रे आहेत. रचना स्तरांची आहे. ‘सर्न’ हा शून्य स्तर. पहिल्या स्तरावर मोजकी मोठी राष्ट्रीय केंद्रे. मूळ कच्च्या डेटाची एक प्रत ‘सर्न’मध्ये राहते, तर दुसरी या केंद्रांमध्ये वाटून ठेवली जाते. दुसऱ्या स्तरावरील केंद्रांत विश्लेषण आणि संगणकीय प्रतिरूपांचे काम चालते.

भारतातील दोन केंद्रे या दुसऱ्या स्तरावर आहेत. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील, म्हणजे ‘टीआयएफआर’मधील केंद्र ‘सीएमएस’ प्रयोगासाठी, तर कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरमधील केंद्र ‘अ‍ॅलिस’साठी काम करते. ग्रिडवर एखाद्या युरोपीय विद्यार्थ्याने धाडलेले काम मुंबईच्या संगणकावर चालू शकते आणि पुण्यातील विद्यार्थिनीचे इटलीतल्या संगणकावर. ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज बोसॉनचा शोध जाहीर झाला, तेव्हा त्वरक आणि प्रयोगांबरोबर ग्रिडलाही श्रेय दिले गेले ते यामुळेच.

कोणती फाइल कुठे, हे कोण पाहते?

जगभर विखुरलेल्या कोट्यवधी फाइलींचा ठावठिकाणा ठेवणे हे स्वतंत्र काम आहे. त्यासाठी ‘रुसिओ’ हे सॉफ्टवेअर वापरले जाते. ते ‘अ‍ॅटलास’ प्रयोगाने तयार केले आणि २०१४च्या अखेरीस प्रत्यक्ष वापरात आणले. नावाची गंमत अशी की त्याआधीच्या प्रणालीचे नाव ‘डॉन किहोते’ होते. त्या स्पॅनिश कादंबरीतल्या सांचो पांझा या सेवकाचे गाढव म्हणजे रुसिओ. ओझे वाहणारे, कुरकुर न करणारे. सॉफ्टवेअरकडूनही तीच अपेक्षा.

‘रुसिओ’ला शास्त्रज्ञ नियम सांगतात. अमुक डेटासंचाच्या दोन प्रती दोन वेगळ्या खंडांत हव्यात, तमुक तीन महिन्यांनी पुसला तरी चालेल. मग कोणत्या केंद्रात जागा आहे, कुठून कुठे पाठवायचे, प्रत हरवली तर नवी कुठून आणायची, हे सॉफ्टवेअर पाहते. प्रत्यक्ष वाहतूक ‘फाइल ट्रान्स्फर सर्व्हिस’ ही दुसरी प्रणाली करते. ‘सीएमएस’ने २०२०मध्ये ‘रुसिओ’ स्वीकारले. त्यानंतर जपानमधील ‘बेल २’ प्रयोगानेही ते घेतले. हे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड कोणालाही पाहता, वापरता आणि सुधारता येतो. एका प्रयोगाने केलेली मेहनत दुसऱ्याला पुन्हा करावी लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

फाइलच्या आत काय असते?

या क्षेत्रातील डेटा मुख्यतः ‘रूट’ या सॉफ्टवेअरच्या स्वरूपात असतो. रने ब्रुन आणि फोन्स राडेमाकर्स यांनी १९९५मध्ये ‘सर्न’मध्ये त्याची सुरुवात केली. त्याची मुख्य कल्पना शाळेच्या निकालपत्रकावरून समजते. हजार विद्यार्थ्यांचे सर्व विषयांचे गुण एकेका विद्यार्थ्याच्या ओळीत लिहिले, तर केवळ गणिताची सरासरी काढायलाही सगळे पत्रक वाचावे लागते. प्रत्येक विषयाचा रकाना वेगळा ठेवला, तर फक्त गणिताचा रकाना उचलता येतो. ‘रूट’ टकरींची माहिती अशी रकान्यांत ठेवते. अब्जावधी टकरींतून एखाद्याला केवळ म्यूऑन कणांचा संवेग हवा असेल, तर बाकीचे वाचावे लागत नाही.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे फाइल स्वतःचे वर्णन स्वतःबरोबर बाळगते. आत कोणता रकाना कोणत्या प्रकारचा आहे, हे फाइलमध्येच लिहिलेले असते. त्यामुळे जुन्या आवृत्तीत लिहिलेली फाइल नव्या आवृत्तीत वाचता येते. आता या स्वरूपाची पुढची पिढी, ‘आरएनटपल’, आली आहे. तिची रचना २०२४च्या अखेरीस निश्चित करण्यात आली. आजच्या वेगवान साठवण उपकरणांचा पुरेपूर वापर करणे आणि तीच माहिती कमी जागेत बसवणे, हा तिचा हेतू आहे. प्रत्येक टक्क्याची बचत म्हणजे हजारो टेराबाइटची बचत, त्यामुळे हा बदल वाटतो तितका किरकोळ नाही.

मग अडचण काय? डेटा तर सुरक्षित आहे!

फाइल शाबूत असणे आणि तिचा अर्थ लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जर्मनीतील हॅम्बुर्गच्या ‘डेझी’ प्रयोगशाळेतील ‘जेड’ प्रयोगाची गोष्ट या क्षेत्रात नेहमी सांगितली जाते. ‘पेट्रा’ या त्वरकावर हा प्रयोग १९७९ ते १९८६ या काळात चालला. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरींचा डेटा जमला, निष्कर्ष प्रसिद्ध झाले, लोक नव्या प्रयोगांकडे वळले. पुढच्या दशकात सिद्धांत पुढे गेला. अणुकेंद्राला बांधून ठेवणारे तीव्र बल ऊर्जेनुसार कसे बदलते, हे नव्या पद्धतींनी तपासायचे, तर नेमका ‘जेड’च्या ऊर्जापट्ट्यातला डेटा हवा होता. ‘पेट्रा’ तर केव्हाच बंद झालेला.

भौतिकशास्त्रज्ञ सीगफ्रीड बेथके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात हा डेटा पुन्हा जिवंत करण्याचे काम हाती घेतले. टेप मिळवणे हा कामाचा सोपा भाग ठरला. वाचणारे सॉफ्टवेअर जुन्या महासंगणकांसाठी लिहिलेले होते. ते नव्या यंत्रांवर चालेना. काही महत्त्वाच्या नोंदी संगणकातून नाहीशा झाल्या होत्या. त्या जुन्या छापील कागदांवरून पुन्हा टंकून घ्याव्या लागल्या. प्रयोगात स्वतः काम केलेली माणसे अजून हाताशी होती, म्हणून हे जमले. त्यातून निघालेले निष्कर्ष नव्याने प्रसिद्ध झाले आणि ते उपयोगी ठरले. आणखी वीस वर्षे गेली असती, तर टेप असूनही डेटा मुका राहिला असता.

कणभौतिकीत हा धोका अधिक का? कारण कच्चे आकडे स्वतःहून काही सांगत नाहीत. त्या दिवशी संवेदकाचा कोणता भाग बंद होता, चुंबकीय क्षेत्र किती होते, ट्रिगरची अट कोणती होती, मापनातील दुरुस्ती कशी करायची, हे सगळे सोबत हवे. शिवाय प्रयोग पुन्हा करता येत नाही. प्रयोगशाळेतले परीक्षानळीचे काम पुन्हा करता येते. ‘पेट्रा’सारखा त्वरक पुन्हा बांधणार कोण?

सॉफ्टवेअर कसे जपतात?

यासाठी आता डेटासोबत पूर्ण संगणकीय वातावरणच जपले जाते. २०११मध्ये लिहिलेला प्रोग्रॅम २०११च्याच ऑपरेटिंग सिस्टीमवर नीट चालतो. म्हणून ती सिस्टीम, लागणारी सगळी उपसाधने आणि प्रोग्रॅम एका बंद डब्यात भरून ठेवले जातात. तंत्रज्ञ त्याला ‘व्हर्च्युअल मशीन’ किंवा ‘कंटेनर’ म्हणतात. नव्या संगणकावर हा डबा उघडला की आत जुनाच काळ चालू असतो. ‘सर्नव्हीएम फाइल सिस्टीम’ ही प्रणाली प्रयोगांचे सॉफ्टवेअर जगभरच्या केंद्रांना पुरवते आणि जुन्या आवृत्त्याही उपलब्ध ठेवते. ‘रिआना’ हे आणखी एक साधन. विश्लेषणाचा प्रत्येक टप्पा त्यात लिहून ठेवला, की दुसरा शास्त्रज्ञ तोच हिशेब पहिल्यापासून करून पाहू शकतो.

सामान्य माणसाला हा डेटा पाहता येतो का?

येतो. ‘सर्न’ने नोव्हेंबर २०१४मध्ये ‘ओपन डेटा’ संकेतस्थळ सुरू केले. तिथे नाव नोंदवण्याची किंवा पैसे भरण्याची गरज नाही. ‘सीएमएस’ने सुरुवातीला २०१०च्या टकरींचा डेटा ठेवला. एप्रिल २०१६मध्ये एका फटक्यात सुमारे ३०० टेराबाइट खुले केले. ‘अ‍ॅटलास’ने जुलै २०२४मध्ये २०१५ आणि २०१६मधील ७ अब्जांहून अधिक टकरींचा, सुमारे ६५ टेराबाइट डेटा संशोधनासाठी दिला. आता संकेतस्थळावरील एकूण साठा ५ पेटाबाइटच्या पुढे गेला आहे. प्रत्येक डेटासंचाला कायमस्वरूपी ओळखक्रमांक असतो, त्यामुळे शोधनिबंधात त्याचा नेमका उल्लेख करता येतो. सोबत माहितीपत्रे, नमुना प्रोग्रॅम आणि वर सांगितलेले ‘डबे’ही असतात. शाळा-महाविद्यालयांसाठी ब्राउझरमध्येच टक्कर पाहण्याची सोय आहे.

डिसेंबर २०२०मध्ये चारही मोठ्या प्रयोगांनी एकमताने खुल्या डेटाचे धोरण मान्य केले. त्यानुसार डेटाचे चार स्तर आहेत. पहिला, प्रसिद्ध निबंधांतील आकडे. दुसरा, शिक्षणासाठी सोपे केलेले डेटासंच. तिसरा, शास्त्रीय विश्लेषण करता येईल असा, कणांच्या रूपात मांडलेला डेटा. चौथा, संवेदकांचे कच्चे आकडे. तिसऱ्या स्तरातील डेटा गोळा झाल्यापासून साधारण पाच वर्षांनी खुला व्हायला सुरुवात होते आणि प्रयोग संपेपर्यंत तो पूर्ण खुला करण्याचे उद्दिष्ट आहे. चौथा स्तर मात्र सहसा खुला होत नाही. त्याचा आकार प्रचंड आणि सॉफ्टवेअरच्या आधाराशिवाय बाहेरच्याला त्याचा उपयोगही नाही.

पहिल्या स्तरासाठी ‘हेपडेटा’ हे भांडार आहे. ब्रिटनमधील डरहॅम विद्यापीठाने १९७०च्या दशकात त्याची पायाभरणी केली. निबंधातील आलेखावर ठिपके दिसतात, पण त्यांचे नेमके आकडे इथे मिळतात. १० हजारांहून अधिक निबंधांचे आकडे तिथे आहेत. इतर कोणत्याही विषयाच्या संशोधकांसाठी ‘सर्न’ने २०१३मध्ये ‘झेनोडो’ सुरू केले. प्राचीन अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा ग्रंथपाल झेनोडोटस याच्यावरून हे नाव घेतले आहे.

खुल्या डेटातून निष्पन्न काय झाले?

सुरुवातीला शंका होती की हजारो जणांच्या गटाला जे समजायला वर्षे लागतात, ते बाहेरचा माणूस काय समजणार? २०१७मध्ये अमेरिकेतील ‘एमआयटी’चे जेसी थेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सीएमएस’चा खुला डेटा वापरून निबंध प्रसिद्ध केला. टकरीतून निघणारे कणांचे झोत कसे फुटत जातात, हे त्यांनी तपासले. हे काम ‘सीएमएस’च्या बाहेरच्यांचे होते. डेटासोबतची माहिती कुठे अपुरी आहे, हेही त्यांच्या अनुभवातून पुढे आले आणि ती सुधारली गेली.

२०१९मध्ये ‘अलेफ’ प्रयोगाचा डेटा पुन्हा उघडण्यात आला. हा प्रयोग २०००मध्येच संपला होता. ‘एलएचसी’मध्ये कणांच्या दिशांचा एक अनपेक्षित संबंध दिसला होता. तो साध्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींतही दिसतो का, असा प्रश्न नव्याने निर्माण झाला होता. ‘अलेफ’ चालू असताना हा प्रश्न कोणाला पडलाही नव्हता, पण उत्तर शोधायला त्याचाच डेटा कामी आला. नव्या प्रश्नाला जुना डेटा उत्तर देऊ शकतो, हेच जतनामागचे सर्वांत मोठे कारण.

फायदा भौतिकीपुरता राहिला नाही. २०१४मध्ये ‘अ‍ॅटलास’च्या प्रतिरूप डेटावर ‘कॅगल’ संकेतस्थळाने हिग्ज बोसॉन ओळखण्याची स्पर्धा घेतली, तेव्हा १,७८५ संघ उतरले. ‘एक्सजीबूस्ट’ या यंत्र-शिक्षणाच्या सॉफ्टवेअरची ओळख दूरवर पोहोचण्यात या स्पर्धेचा हातभार होता. आज ते बँकांपासून ई-कॉमर्सपर्यंत वापरले जाते.

मग सगळे लगेच खुले का करत नाहीत?

आक्षेप दोन्ही बाजूंनी आहेत. प्रयोग उभारणाऱ्यांचे म्हणणे असे की, एकेका निबंधावर सुमारे ३ हजार लेखकांची नावे असतात, कारण संवेदक बांधण्यात अनेकांनी दहा-पंधरा वर्षे घातलेली असतात. डेटा त्याच दिवशी खुला झाला, तर यंत्र बांधण्यात कोण वर्षे घालवेल? दुसरी भीती चुकीच्या निष्कर्षांची. संवेदकातील दोष माहीत नसलेल्याला तो दोषच नवा कण वाटू शकतो. मुदतीचा काळ या दोन्हींसाठी आहे.

दुसरी बाजू अशी की हे प्रयोग करदात्यांच्या पैशावर चालतात. ज्या देशांना वर्गणी परवडत नाही, तिथल्या संशोधकांना खुला डेटा हाच एकमेव दरवाजा. शिवाय ‘एलएचसी’ जगात एकच आहे. त्याचे निष्कर्ष दुसरीकडे पडताळता येत नाहीत. म्हणून निदान विश्लेषण तरी बाहेरच्याला तपासता आले पाहिजे. डेटा पाहण्याचा हक्क राजकारणाशीही जोडला गेला आहे. युक्रेन युद्धानंतर ‘सर्न’ने रशियाशी असलेला सहकार्य करार नोव्हेंबर २०२४च्या अखेरीस संपू दिला. अशा वेळी प्रयोगाच्या आतला प्रवेश बंद होतो, पण जे आधीच खुले झालेले असते ते सर्वांसाठी खुलेच राहते.

भारतासाठी याचे महत्त्व काय?

भारत जानेवारी २०१७पासून ‘सर्न’चा सहयोगी सदस्य आहे. ‘टीआयएफआर’ आणि पुण्याची ‘आयसर’ ‘सीएमएस’मध्ये, तर ‘आयआयटी मुंबई’ ‘अ‍ॅलिस’मध्ये आहे. पण देशातील बहुसंख्य विद्यापीठे आणि महाविद्यालये कोणत्याही प्रयोगाची सदस्य नाहीत. तिथल्या भौतिकी किंवा संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला खऱ्या टकरींवर काम करायचे, तर खुला डेटा, साधा लॅपटॉप आणि बरे इंटरनेट एवढे पुरते. सॉफ्टवेअरही मोफत आहे. कमतरता आहे ती हे शिकवणाऱ्या शिक्षकांची आणि अभ्यासक्रमात त्याला जागा मिळण्याची.

दुसरे कारण अधिक जवळचे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. तिला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. ‘स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे’ या आंतरराष्ट्रीय रेडिओ दुर्बिणीतही भारत सहभागी आहे. पुण्याचे ‘एनसीआरए’ भारताच्या वतीने तिचे नेतृत्व करते. ही दुर्बीण वर्षाला सुमारे ७०० पेटाबाइट डेटा साठवेल, असा अंदाज आहे. त्याच्या व्यवस्थापनासाठी ‘रुसिओ’च्याच चाचण्या झाल्या आहेत. म्हणजे कुलाब्यात ग्रिड चालवताना मिळालेला अनुभव पुणे आणि हिंगोलीतही उपयोगी पडू शकतो. फक्त तो अनुभव असलेली माणसे संस्थांत टिकली पाहिजेत.

पुढचे आव्हान कोणते?

२०३०नंतरच्या प्रखर ‘एलएचसी’त टकरींचे प्रमाण इतके वाढेल, की त्याच्या कार्यकाळात आजवरच्या सुमारे दहापट डेटा जमेल. प्रत्येक छायाचित्रात एकाच वेळी शंभराहून अधिक टकरींची गर्दी असेल आणि ती सोडवायला संगणकही जास्त लागतील. डिस्क आणि प्रोसेसर स्वस्त होण्याचा वेग पूर्वीसारखा राहिलेला नाही. नुसते जास्त विकत घेऊन हे भागणार नाही, याची जाणीव सर्वांना आहे. त्यामुळे सगळा भार सॉफ्टवेअर सुधारण्यावर आहे. कमी जागा घेणारी स्वरूपे, डिस्कवर कमी आणि टेपवर जास्त साठा, जास्त कार्यक्षम प्रोग्रॅम, हे सगळे विरामाच्या चार वर्षांत बसवायचे आहे.

खरा पेच माणसांचा आहे. मोठ्या प्रयोगाच्या अंदाजपत्रकात चुंबक, संवेदक, इमारत या गोष्टी ठळक दिसतात. सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याचे, जुन्या डेटाची माहितीपत्रे लिहिणाऱ्याचे वेतन त्यात शोधावे लागते. अशा कामावर निबंध निघत नाहीत आणि निबंधांशिवाय तरुण संशोधकाला कायमची नोकरी मिळणे कठीण. त्यामुळे हे काम बहुतेकदा कंत्राटी हातांत राहते आणि माणूस गेला की ज्ञानही जाते. ‘जेड’ वाचला तो जाणकार हयात होते म्हणून. ‘एलएचसी’च्या पहिल्या वर्षांत संवेदक बांधणारी पिढी आता निवृत्तीकडे निघाली आहे. तिला जे ठाऊक आहे ते लिहून घ्यायला हा विरामाचा काळ हाताशी आहे. तो निसटला, तर टेपवरचे आकडे राहतील, पण त्यांचा अर्थ सांगणारे कोणी उरणार नाही.